दहा वाजून दहा मिनिटांचा फोटो

मंडळी, मघाशी पडद्यावर आपण दोन फोटो पाहिले. पहिल्यात शिरूरच्या आमच्या घरातलं लंबकाचं घड्याळ, काळवंडलेलं, कोळ्याच्या जाळ्यासकट. दुसऱ्यात तेच, दुरुस्तीनंतरचं. तुम्ही टाळ्या दुसऱ्याला दिल्यात. मला त्या दुसऱ्याबद्दलच तक्रार करायची आहे. फोटो मीच काढलाय, त्यामुळे कुणाला राग यायचं कारण नाही. (हशा)

तबकडी बघा, कशी पांढरीशुभ्र आहे! घड्याळ अमेरिकन, अन्सोनियाचं. जुनी तबकडी जस्ताच्या पत्र्यावर चिकटवलेल्या कागदाची होती. पिवळी पडलेली, आणि चावीच्या दोन भोकांभोवती बोटांचे काळे डाग. आठ दिवसांचं घड्याळ, म्हणजे वर्षाला पन्नासेक वेळा चावी. आजोबा, वडील, मग मी. घड्याळजी म्हणाले, नवा छापील कागद लावू का? मी हो म्हणालो. आता त्या नव्या कागदावर कंपनीचं नाव झोकात आहे, पण कंपनीनं १९२९ मध्येच आपली यंत्रसामग्री सोव्हिएत रशियाला विकून टाकली. मग ही तबकडी कुणाची? जुनी नुसती कोरड्या कुंचल्यानं झटकून ठेवायला हवी होती.

खरं काम झालं ते आत. दट्ट झालेलं तेल काढलं. चाकांच्या आसांची भोकं झिजून लांबट झाली होती, त्यांत पितळी बुश बसवले. मागच्या पत्र्यावर आधीच्या कारागिरांनी टोकदार हत्यारानं तारखा ओरखडून ठेवल्यात. घड्याळजींची ही जुनी रीत. म्हणजे दुरुस्तीची वहीच ती! यातलं एकही माझ्या फोटोत नाही. फोटोत आहे पितळेची चकाकी.

आणि काटे. जाहिरातीतल्या घड्याळासारखे दहा वाजून दहा मिनिटांवर. मी बोटानं भराभर फिरवून तिथं नेले. या जातीच्या घड्याळात टोले मोजणारं चाक वेगळं असतं, काटे कुठे आहेत ते त्याला कळत नाही. प्रत्येक तासाला थांबून सगळे टोले पडू दिले नाहीत तर हिशोब चुकतो. चुकला. दुसऱ्या दिवशी दहाला सात टोले पडले. एका फोटोपायी दुरुस्त केलेलं घड्याळ मी बिघडवलं.

दौंडकरांना वेळेचं मी काय सांगणार! १९०६ च्या आधी रेल्वेचं वेळापत्रक मद्रासच्या वेळेवर, आणि मुंबईची वेळ तिच्या अर्धा तास मागं. जंक्शनवर उभं राहून बरोबर वेळ कुठली, यावर वाद घालता आला असता. पण दोन्ही वेळा कुणाच्या तरी होत्या. माझ्या फोटोतली दहा-दहा कुणाचीच नाही.

लंबकही सरळ खाली लोंबतोय, कारण हलला तर फोटो बिघडेल म्हणून मी तो धरून थांबवला. बिघडू द्यायचा होता! कॅमेरा स्टँडवर लावून पाव सेकंद उघडा ठेवला की पेटी, तबकडी स्पष्ट येतात आणि लंबक पुसट पट्ट्यासारखा येतो. चालू घड्याळ दिसतं तसं. फ्लॅश नको, काचेवर तोच दिसतो. खिडकीचा उजेड बाजूनं घ्यावा.

गेल्या आठवड्यात तसा काढलाय. मागचा पत्रा, ओरखडलेल्या तारखा, सगळं आहे त्यात. जरा वाकडा आलाय. दिवे मालवता का?