समाधानाचे गुण आणि खुर्चीचे माप

व्हीलचेअर वापरणाऱ्याचे समाधान मोजण्यासाठी पुनर्वसनाच्या अभ्यासांत 'क्वेस्ट २.०' ही प्रश्नावली वापरतात. प्रश्न १२, ८ साधनाबद्दल, ४ सेवेबद्दल, प्रत्येकाला १ ते ५ गुण. त्यांतल्या सर्वांत महत्त्वाच्या ३ बाबी वापरणाऱ्यालाच निवडायला सांगतात, हे मला विशेष पटते. माझा आक्षेप प्रश्नांना नाही, नुसत्या गुणांवर विसंबण्याला आहे.

माझ्या आत्याला एका शिबिरात १८ इंच बैठकीची खुर्ची मिळाली. तिला १४ इंच पुरले असते. ती एका अंगावर कलून बसे. महिन्याभरात त्या बाजूची कातडी लाल झाली. तरी मी प्रश्नावली वाचून दाखवली तेव्हा तिने सगळीकडे ५ दिले. "फुकट मिळालेल्या खुर्चीला नावं कशी ठेवू रे?" आधी तिला उचलून न्यावे लागे, त्या मानाने ते ५ खोटेही नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८च्या मार्गदर्शिकेत खुर्ची देण्याचे ८ टप्पे आहेत. तपासणी आणि खुर्चीत बसवून माप जुळवणे हे त्यांतले दोन स्वतंत्र टप्पे. आत्याच्या वाट्याला दोन्ही आले नाहीत, आणि गुणांच्या बेरजेत ती उणीव कुठेच उमटली नाही.

शेवटी मी साधेच विचारले, "कडेला हात जातो का?"

"जातो की. चष्म्याचं घर तिथंच तर ठेवते."