अध्ययन-भरपाई आणि अंगणवाडी : एक टिपण

कर्नाटक शासनाने २०२२-२३ मध्ये ‘कलिका चेतरिके’ हा अध्ययन-भरपाईचा उपक्रम राबविला. तो स्वागतार्हच होता. मात्र त्याची आखणी शालेय इयत्तांपुरती होती. मार्च २०२० ते नोव्हेंबर २०२१ अंगणवाड्या बंद होत्या. शिधा घरी पोहोचला, पण गाणी-गोष्टी राहून गेल्या. त्या मुलांची भरपाई पहिलीत आल्यावरच सुरू झाली.

महिला व बालविकास हा विषय संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत आहे. तरी पंचायतीकडे येणारा निधी बहुतांशी योजनाबद्धच असतो. बेळगाव सीमाभागातील मराठी-उर्दूभाषक बालकांसाठी स्वतंत्र तरतूद करण्यास मग वाव कितीसा उरतो? मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणाच्या सोयींसाठी कलम ३५०क राज्याबरोबर स्थानिक प्राधिकरणांनाही प्रयत्न करण्यास सांगते. निधीवाचून ते कागदावरच राहील.