मुष्टियोद्ध्याचे पुनरागमन : एक वाङ्मयीन प्रश्न

मुष्टियुद्धातील एखादा अजिंक्यवीर शरीराने सुटल्यावर, सरावापासून वर्षानुवर्षे दूर राहिल्यावर, आपले गेलेले स्थान पुन्हा मिळवू शकतो काय, हा प्रश्न वरवर पाहता क्रीडावृत्ताचा आहे. साहित्यविषयक नियतकालिकात त्याला जागा कशासाठी, असे एखादा वाचक विचारील. परंतु नोव्हेंबर २०२४ मध्ये अठ्ठावन्न वर्षांचा माइक टायसन टेक्सासमध्ये सत्तावीस वर्षांच्या जेक पॉलशी आठ फेऱ्या खेळला आणि पंचांच्या एकमताने हरला, तेव्हा सुरतेतील आमच्या वाचकमित्रांत जी चर्चा झाली ती क्रीडेपुरती राहिली नाही. कोणी त्या सामन्याला तमाशा म्हटले, कोणी शोकांतिका. (तमाशा या शब्दाची ही बदनामी आम्हांस मान्य नाही, पण तो विषय वेगळा.) दोन्ही शब्द रंगभूमीचे आहेत, आणि दोन्ही जरा घाईने वापरले गेले असे आमचे मत आहे. म्हणून या प्रश्नाला वाङ्मयाने आजवर काय उत्तर दिले ते पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

या विषयावरील सर्वांत समर्थ ललितकृती आमच्या मते जॅक लंडन यांची १९०९ साली प्रसिद्ध झालेली ‘अ पीस ऑफ स्टेक’ ही कथा होय. तिचा नायक टॉम किंग हा ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांताचा एके काळचा अजिंक्यवीर. वय चाळीस. घरात मुले उपाशीपोटी झोपी घातलेली, उसनवारीच्या पिठाचा रस्सा तेवढा त्याच्या ताटात. सामन्यापूर्वी मांसाचा एक तुकडा पोटात जावा ही त्याची इच्छा खाटकाने उधारी नाकारल्यामुळे अपुरी राहिलेली. तशा स्थितीत तो दोन मैल पायी चालत जातो आणि सँडेल नावाच्या तरुणासमोर उभा राहतो. लंडन यांचे सामर्थ्य त्यानंतरच्या वर्णनात आहे. किंग ठोसे मोजून मारतो, पाऊल मोजून टाकतो. मिठीत सापडताच आपले सारे वजन तरुणाच्या अंगावर टाकून त्याला दमवतो. शक्ती कमी झालेला पण विद्या शाबूत असलेला माणूस कसा लढेल याचे इतके नेमके चित्र आमच्या वाचनात दुसरे नाही. शेवटी एकच ठोसा उरतो, तो बसतोही. पण त्यामागे जोर नसतो. हरलेला किंग घरी जाताना बाकावर बसून रडतो, आणि आपल्या तारुण्यात आपण हरवलेला एक म्हातारा योद्धा तेव्हा का रडला होता, हे त्याला उमगते.

या कथेचा अर्थ समीक्षक बहुधा वार्धक्य आणि तारुण्य यांच्या अटळ संघर्षात शोधतात. सुरतेत तिचा सारांश सांगितला तेव्हा आम्हांस एक निराळे वाचन ऐकावयास मिळाले. उधना-लिंबायतकडच्या वस्तीत खानदेशातून आलेली पुष्कळ कुटुंबे आहेत. त्यांपैकी एका गृहस्थांनी बारा-बारा तासांच्या पाळीत यंत्रमागावर उभे राहून उमेदीची वर्षे घालविली आहेत. त्यांनी वार्धक्याचा उल्लेखही केला नाही. दोन मैल चालण्याचे भाडे खिशात नव्हते, सरावाला जोडीदार ठेवण्यास पैसा नव्हता, आणि खुराक नव्हता, एवढ्या तीन गोष्टी त्यांनी बोटांवर मोजल्या. कथेत या तिन्ही गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या आहेत. वय हे कारण लेखकाने पात्राच्या चिंतनात ठेवले आहे, भूक मात्र घटनेत ठेवली आहे. आणि घटनेचा पुरावा चिंतनाहून बळकट मानला पाहिजे. शरीर सुटणे म्हणजे नेहमी पोट सुटणे नव्हे, हेही या वाचनाने आमच्या ध्यानात आणून दिले.

आता याच लेखकाचे दुसरे लेखन पाहा. डिसेंबर १९०८ मध्ये सिडनी येथे जॅक जॉन्सन या कृष्णवर्णीय योद्ध्याने टॉमी बर्न्सला हरवून जगज्जेतेपद मिळविले. तेथे वार्ताहर म्हणून गेलेल्या लंडन यांनी, निवृत्त झालेल्या जेम्स जेफ्रीजने आपल्या शेतातून बाहेर येऊन जॉन्सनला उत्तर द्यावे, अशी हाक दिली. हाकेमागे वर्णाभिमान होता आणि तो त्यांनी लपविलाही नाही. जेफ्रीज १९०४ नंतर लढला नव्हता. त्याचे वजन तीनशे पौंडांवर गेले होते. त्याने सुमारे शंभर पौंड उतरविले आणि मध्ये एकही सामना न खेळता, ४ जुलै १९१० रोजी, रेनो येथे तो थेट जॉन्सनपुढे उभा राहिला. पंधराव्या फेरीत त्याचा निकाल लागला. या दोन तारखांच्या मधोमध, १९०९ मध्ये, टॉम किंगची कथा आहे. जे सत्य कथाकाराला पूर्णपणे ठाऊक होते ते पक्षपाती वार्ताहराने दोनदा दृष्टीआड केले. कलावंताची दृष्टी त्याच्या मतांहून शहाणी असू शकते, या म्हणण्याला याहून बोलके उदाहरण सहसा सापडणार नाही.

तथापि कथेचे सत्य हे संपूर्ण सत्य आहे काय? येथे आमचा लंडन यांच्याशीही थोडा मतभेद आहे. मुहम्मद अली आणि जॉर्ज फोरमन यांची पुनरागमने शेजारी ठेवून पाहिली म्हणजे त्याचे कारण कळेल.

अली ऑक्टोबर १९८० मध्ये, अडतीसाव्या वर्षी, लॅरी होम्सशी लढावयास परतला. मधल्या दोन वर्षांत त्याचे वजन अडीचशे पौंडांच्या पुढे गेले होते. सामन्याच्या वेळी ते दोनशे सतरा पौंडांवर आले. चेहरा तरतरीत, कंबर सडपातळ, जुन्या छायाचित्रांतला अलीच जणू. पाहणारे भुलले. पण ते वजन अंशतः थायरॉइडच्या औषधाने उतरविलेले होते, आणि घामाबरोबर बळही वाहून गेले होते. दहा फेऱ्या तो मार खात राहिला. अखेर त्याच्याच बाजूच्या माणसांनी सामना थांबविला. होम्स हा एके काळी त्याच्या सरावाचा जोडीदार होता.

फोरमनची गोष्ट याच्या उलट आहे. १९७७ मध्ये तो निवृत्त झाला, ह्यूस्टनमध्ये धर्मोपदेशक झाला आणि यथेच्छ लठ्ठ झाला. मार्च १९८७ मध्ये, दहा वर्षांनी, तो दोनशे सदुसष्ट पौंडांचा देह घेऊन परतला. आपण उभ्या केलेल्या तरुणांच्या केंद्रासाठी त्यास पैसा हवा होता. लोक हसले, तोही आपल्या खाण्यावर विनोद करून त्यांच्याबरोबर हसला. परंतु त्याने पूर्वीचा फोरमन होण्याचा हट्ट धरला नाही. पूर्वी तो धावून जाऊन फोडून काढीत असे. आता दोन्ही हात आडवे धरून बचाव करू लागला, पाय न हलविता डाव्या हाताच्या सरळ ठोशाने प्रतिस्पर्ध्याला दूर ठेवू लागला. साधारण प्रतीच्या प्रतिस्पर्ध्यांपासून त्याने आरंभ केला आणि चार वर्षांत ओळीने चोवीस सामने जिंकून मगच १९९१ मध्ये तो इव्हँडर होलिफील्डपुढे गेला. तेथे हरला, पण बारा फेऱ्या उभा राहून हरला. आणि ५ नोव्हेंबर १९९४ रोजी, पंचेचाळीस वर्षांचा असताना, गुणांनी मागे पडलेला असताना, दहाव्या फेरीत उजव्या हाताच्या आखूड ठोशाने त्याने मायकेल मूररला खाली पाडले. अंगावर १९७४ साली किन्शासा येथे अलीकडून हरताना घातलेली तीच तांबडी विजार होती.

तेव्हा वजन उतरविणारा हरला आणि वजन बाळगणारा जिंकला. वजन ही गौण बाब आहे असा याचा अर्थ नव्हे; फोरमननेही अंग पुष्कळ झडविले होते. पण जेफ्रीज आणि अली यांनी आरशातले जुने रूप परत आणले आणि एका उडीत शिखर गाठू पाहिले. फोरमनने नवे रूप पत्करले आणि पायऱ्या मोजल्या. टायसनने २००५ नंतर व्यावसायिक सामना खेळलाच नव्हता, हेही येथे आठवावे. आपल्याकडील दाखला गोव्याचा आहे. ऑलिंपिक पदक मिळविणारा पहिला भारतीय मुष्टियोद्धा विजेंदर सिंग व्यावसायिक रिंगणात बारा सामने अपराजित होता. मग सुमारे सोळा महिने सामना नाही. आणि मार्च २०२१ मध्ये पणजी येथे मांडवीतील एका जहाजाच्या छतावर उंचापुऱ्या, तरुण अर्तिश लोपसानने त्याला पाचव्या फेरीत हरविले. वय पस्तीस. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याने रायपूरला दुसऱ्या फेरीत विजय मिळविला, पण त्या एका विजयाला पुनरागमन म्हणावयास आम्ही धजत नाही. ती फार तर पहिली पायरी होती.

वाङ्मयाच्या उत्तराचा उलगडा आता होऊ शकेल. लघुकथा एका रात्रीची असते. टॉम किंगला लेखकाने एकच रात्र दिली, आणि एका रात्रीत पुनरागमन होत नाही, तेथे पराभवच सत्य ठरतो. नाटकाचेही पुष्कळसे तसेच. येथून काही कोसांवरच्या नवसारीत १८८५ साली जन्मलेल्या राम गणेश गडकऱ्यांचा सुधाकर हा मुष्टियोद्धा नव्हे, वकील आहे. पण ‘एकच प्याला’मध्ये तोही परत येऊ पाहणाराच माणूस आहे. दारू सोडण्याचा निश्चय करून तो कामाच्या शोधात निघतो आणि अपमान घेऊन पेल्याकडे परततो. त्याचे हे पतन प्रेक्षकाला पटते, कारण निश्चय आणि मोह यांच्यामध्ये जी शेकडो रिकामी सकाळी-संध्याकाळी असतात त्यांना रंगभूमीवर जागा नाही. हा गडकऱ्यांचा दोष नव्हे. ते त्या प्रकाराचे बंधन आहे. फोरमनची चोवीस रटाळ सामन्यांची चार वर्षे मावतील असा प्रकार एकच, तो म्हणजे कादंबरी.

आणि कादंबरीपाशी येताच मराठीची उणीव जाणवते. सामग्री नाही म्हणावे, तर मुजुमदार यांनी संपादिलेला दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ याच गुजरातेत, बडोद्यास सिद्ध झाला. जोर, बैठका, खुराक, मेहनत, दम हे शब्द खेड्यातल्या मुलालाही शिकवावे लागत नाहीत. सुटलेले शरीर पहाटे उठून महिना-महिना त्याच मातीत घोळवणे कसे असते, तेव्हा घरात पैसा कोठून येतो, सरावाला जोडीदार कोण मिळतो, हे सारे लिहिता येईल अशी भाषा आपल्याजवळ आहे. आमच्या कथा-कादंबऱ्यांत पैलवान मात्र येतो तो बहुधा जत्रेच्या दिवशी, आणि फड उठला की त्याच्याबरोबर लेखकही घरी जातो.