मानपत्रात न आलेला खेळ

१

गेल्या वर्षी कल्याणमधल्या एका सभागृहात एका खेळाडूचा सत्कार होता. व्यासपीठाला पाच पायऱ्या होत्या, उतार नव्हता. चार कार्यकर्त्यांनी खेळाडूसकट व्हीलचेअर उचलली आणि वर नेऊन ठेवली. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मग शाल, श्रीफळ आणि मानपत्राचे वाचन असा नेहमीचा क्रम पार पडला.

ते मानपत्र मी लिहिले होते. त्यात अपघाताचा उल्लेख तीनदा होता आणि ‘जिद्द’ हा शब्द चारदा. खेळाडू कोणत्या प्रकारात उतरतो, कोणत्या वर्गात खेळतो, त्याची सर्वोत्तम कामगिरी किती, त्याला हरवणारे कोण, यातले एक अक्षरही नव्हते. ते मला माहीत नव्हते आणि विचारावे असे सुचलेही नव्हते. रात्री घरी परतताना एक गोष्ट मनात टोचत राहिली. त्या संध्याकाळी सर्वांत मोठ्या टाळ्या पडल्या तेव्हा खेळाडू काहीच करत नव्हता. त्याला उचलून नेले जात होते.

अपंग खेळाडूंविषयी आपण जे लिहितो, बोलतो, पडद्यावर दाखवतो, त्यात खेळ कुठे असतो? या प्रश्नाचा शोध घेण्यासाठी महाराष्ट्रातले सर्वांत मोठे उदाहरण घेतो, मुरलीकांत पेटकर यांचे. आणि ते उदाहरण ताडून पाहण्यासाठी आपल्याला सर्वस्वी अनोळखी असलेला एक खेळ घेतो, व्हीलचेअर कर्लिंग.

२

पेटकरांची हकीकत आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा मुलगा सैन्यात भरती झाला, तिथे मुष्टियोद्धा झाला. १९६५च्या भारत-पाकिस्तान युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचा भाग लुळा पडला. मुंबईच्या ‘अश्विनी’ या नौदल रुग्णालयात उपचार सुरू असताना ते पोहण्याकडे वळले. १९६८ साली तेल अवीवच्या पॅरालिंपिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. १९७२ साली हायडेलबर्गला ५० मीटर मुक्त शैलीची शर्यत त्यांनी ३७.३३ सेकंदांत जिंकली. तो विश्वविक्रम होता आणि पॅरालिंपिकमधले भारताचे पहिले सुवर्णपदकही. ऑलिंपिकमध्ये भारताला वैयक्तिक सुवर्ण मिळाले ते त्यानंतर ३६ वर्षांनी, २००८ साली, अभिनव बिंद्राच्या नेमबाजीत. पेटकरांना ‘पद्मश्री’ मिळाली २०१८ साली. अर्जुन जीवनगौरव पुरस्कार हाती आला जानेवारी २०२५ मध्ये, पदकानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने.

ही हकीकत सांगताना आपण नेहमी दोन ठिकाणी थांबतो. एक, गोळ्या लागल्या तिथे. दुसरे, पुरस्कार मिळायला उशीर झाला तिथे. एका थांब्यावर हळहळ, दुसऱ्यावर संताप. या दोहोंच्या मध्ये ३७.३३ सेकंद आहेत आणि तिथे आपली गाडी जलद लोकलसारखी न थांबता निघून जाते.

थोडे थांबून पाहू. ५० मीटर भागिले ३७.३३ सेकंद म्हणजे सेकंदाला सुमारे १.३४ मीटर, ताशी साधारण पावणेपाच किलोमीटर. कल्याणच्या पुलावरून गाडी गाठायला माणूस झपाझप चालतो, जवळपास तोच वेग. हा वेग पाण्यात, पायांची मदत नसताना. पोहणाऱ्याचे पाय नुसते ढकलण्याचे काम करत नाहीत, ते कंबर पृष्ठभागाजवळ धरून ठेवतात आणि शरीराचा तोल राखतात. पाय निकामी असले की ते खाली झुकतात, पाण्याचा विरोध वाढतो आणि तो सगळा भार खांद्यांवर येतो. मुष्टियुद्धात कमावलेले खांदे इथे कामी आले असतील का? सरळ रेषा राखायला मानेचा आणि धडाचा काय उपयोग झाला असेल? हे प्रश्न शर्यतीचे आहेत. पेटकरांवर लिहिलेल्या कौतुकात ते क्वचितच भेटतात.

आणखी एक तपशील असाच मागे पडतो. हायडेलबर्गला पेटकर केवळ पोहले नाहीत. भालाफेक, अचूक भालाफेक आणि व्हीलचेअर स्लॅलम, म्हणजे अडथळ्यांमधून खुर्ची वळवत नेण्याची शर्यत, याही प्रकारांत ते अंतिम फेरीपर्यंत गेले. अचूक भालाफेकीत भाला किती लांब गेला यापेक्षा खुणेच्या किती जवळ पडला हे मोजत. एकाच स्पर्धेत वेग, ताकद, नेम आणि खुर्चीवरची हुकमत अशा चार वेगळ्या परीक्षा देणारा हा खेळाडू होता. ‘जिद्द’ या एका शब्दात या चौघींना कोंबले की चारही दिसेनाशा होतात.

३

१४ जून २०२४ रोजी कबीर खान दिग्दर्शित ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. कार्तिक आर्यनने पेटकरांची भूमिका केली. या चित्रपटाचे ऋण आधी मान्य केले पाहिजे. ज्यांनी पेटकरांचे नावही ऐकले नव्हते अशा लाखो लोकांपर्यंत ते पोहोचले. आर्यनने शरीर घडवण्यासाठी घेतलेले कष्ट पडद्यावर दिसतात, आणि विजय राज यांनी रंगवलेला प्रशिक्षक दीर्घकाळ लक्षात राहतो.

तक्रार आहे ती मांडणीविषयी. वृद्ध पेटकर पोलीस ठाण्यात येतात, अर्जुन पुरस्कार न मिळाल्याबद्दल तक्रार नोंदवू पाहतात आणि इन्स्पेक्टरला आपली गोष्ट सांगतात, अशी चौकट आहे. या चौकटीमुळे सगळे आयुष्य एका अर्जाचा पुरावा बनते. आधी हसणारा इन्स्पेक्टर शेवटी आदराने उभा राहतो, आणि प्रेक्षकाचा प्रवासही तोच. लहानपणी ‘चंदू’ म्हणून हिणवणाऱ्या जगाला दिलेले हे उत्तर आहे. उत्तर म्हणून ते परिणामकारक आहे. पण हसणाऱ्यांना गप्प करणे हा खेळाचा हेतू असतो का? खेळाडूसमोर पाणी असते, घड्याळ असते आणि शेजारच्या पट्ट्यांत पोहणारे असतात. चित्रपट पाहून बाहेर पडलेल्याला विचारा, पेटकरांच्या शर्यतीत दुसरा कोण आला? ते कोणत्या वर्गात पोहले? वर्ग म्हणजे काय? उत्तर मिळणार नाही. स्वतः पाहून आलो तेव्हा मलाही देता आले नाही.

हे तपशील रुक्ष वाटतील, पण वर्गीकरण हा पॅरालिंपिकचा कणा आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या डॉ. लुडविग गुट्टमान यांनी २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, स्टोक मँडव्हिल रुग्णालयात १६ जणांची तिरंदाजी स्पर्धा घेतली. तिथून ही परंपरा सुरू झाली. तेव्हापासून प्रश्न एकच आहे: कमी-अधिक इजा असलेल्या माणसांची स्पर्धा न्याय्य कशी करायची? जिंकणे कौशल्यावर ठरावे, इजेच्या प्रमाणावर ठरू नये, यासाठी वर्ग पाडले जातात. वर्ग सांगितला नाही तर विक्रमाला अर्थ उरत नाही. ३७.३३ हा आकडा मग नुसता आश्चर्याचा राहतो, स्पर्धेचा होत नाही.

४

आता कर्लिंगकडे. बर्फाच्या सुमारे ४५ मीटर लांब पट्टीवर ग्रॅनाइटचा गोल दगड सरकवायचा, आणि पलीकडच्या टोकाला आखलेल्या वर्तुळांच्या मध्यबिंदूजवळ तो थांबवायचा. दगडाचे वजन जास्तीत जास्त १९.९६ किलो. वर्तुळाचा व्यास सुमारे साडेतीन मीटरहून थोडा अधिक. प्रत्येक डावात प्रत्येक संघाला आठ दगड. प्रतिस्पर्ध्याचा दगड उडवता येतो, स्वतःच्या दगडापुढे आडोसा उभा करता येतो. कॅरम खेळलेल्या माणसाला यातली चुरस लगेच कळेल. सोडताना दगडाला किंचित फिरकी दिलेली असते, त्यामुळे तो वाटेत वळतो. खेळाचे नाव त्या वळण्यावरूनच आले.

नेहमीच्या कर्लिंगमध्ये खेळाडू पायाने रेटा देऊन दगडासोबत बर्फावर घसरत जातो. दगड सुटल्यावर दोघे सहकारी त्याच्यापुढे झाडू घासत धावतात. घासल्याने घर्षण कमी होते, दगड अधिक लांब आणि अधिक सरळ जातो. म्हणजे हातून जोर थोडा कमी पडला तर सहकारी सावरून घेतात.

व्हीलचेअर कर्लिंगमध्ये यातले काही नाही. खुर्ची स्थिर हवी, पाय बर्फाला लागता कामा नयेत. खेळाडू एका लांब काठीने, बहुधा खाली वाकून, दगड ढकलतो. मागे सहकाऱ्याची खुर्ची असते आणि तो पुढच्या खुर्चीला धरून ठेवतो, नाहीतर ढकलताना खुर्चीच मागे सरेल. झाडू चालवायला परवानगी नाही. दगड काठीपासून सुटला की संपले. त्याचा वेग आणि दिशा त्या एका क्षणी ठरते आणि पुढचे कित्येक सेकंद चारही जण फक्त पाहत राहतात.

हे वाचून पहिली प्रतिक्रिया येते, ‘बिचाऱ्यांना झाडूही चालवता येत नाही.’ इथेच आपली नजर चुकते. सावरून घेण्याची सोय गेल्यामुळे अचूकतेची किंमत वाढली. चूक सुधारता येत नसल्याने डावपेच बदलले: कोणता दगड सोपा, कोणता जोखमीचा, चुकला तर नुकसान किती, हा हिशेब प्रत्येक वेळी सोडण्याआधीच करावा लागतो. एका मोठ्या खेळाची ही छोटी आवृत्ती नव्हे, तिचे स्वतःचे सौंदर्यशास्त्र आहे. त्यातच आणखी एक नियम, संघात स्त्री आणि पुरुष दोन्ही असलेच पाहिजेत. पात्रता पाय आणि चालण्यातल्या दोषावर ठरते, मग दगड सोडणारा हात कुणाचा हे पाहिले जात नाही.

पहिली जागतिक स्पर्धा २००२ साली स्वित्झर्लंडमधल्या सुर्से इथे झाली, २००६ साली तुरिनला खेळ पॅरालिंपिकमध्ये आला. पहिली तिन्ही सुवर्णपदके कॅनडाची. मग २०१८ साली प्योंगचांगला अंतिम सामन्यात नॉर्वे आणि चीन यांची बरोबरी झाली, जादा डाव घ्यावा लागला, आणि चीनने ६-५ असा विजय मिळवला. हिवाळी पॅरालिंपिकमधले चीनचे ते पहिलेच पदक. चार वर्षांनी बीजिंगमध्ये त्यांनी सुवर्ण राखले.

वरच्या परिच्छेदात मी एकाही खेळाडूच्या अपघाताविषयी लिहिलेले नाही. तरी वाचकाला जादा डावातली चुरस जाणवली असेल. ती जाणवायला दया लागली नाही, नियम कळणे पुरेसे झाले.

५

यावर एक आक्षेप रास्त आहे. आपल्याकडे अपंग माणसाला पायऱ्या, फलाट, शौचालय यांच्याशी रोज झुंजावे लागते. त्याच्या यशात ती झुंज येणारच, ती वगळणे हाही अन्याय. मला हे मान्य आहे. पेटकरांच्या गोळ्या वगळून त्यांची गोष्ट सांगता येणार नाही. पण झुंजीचे वर्णन करताना आपण एक लबाडी करतो. पायऱ्या कुणी बांधल्या हे सांगत नाही, त्या चढून जाणाऱ्याचे कौतुक करतो. कौतुक जितके मोठे, तितकी उताराची गरज कमी वाटू लागते. ‘अपंग’चे ‘विकलांग’ आणि ‘विकलांग’चे ‘दिव्यांग’ करून शब्द उजळला, पण त्या सभागृहाच्या पाच पायऱ्या तशाच राहिल्या. २०१६च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि सार्वजनिक जागा सर्वांना वापरता याव्यात असे बंधन घातले. खेळाडूला चौघांनी उचलून नेणे हा त्या कायद्याचा पराभव आहे. आम्ही त्यावर टाळ्या वाजवल्या.

खेळाकडे खेळ म्हणून पाहिले तर ही लबाडी अवघड होते. २०२४ साली पॅरिसमध्ये सांगली जिल्ह्याच्याच सचिन खिलारी यांनी एफ-४६ वर्गात १६.३२ मीटर गोळाफेक करून रौप्य जिंकले. सुवर्ण कॅनडाच्या ग्रेग स्ट्युअर्ट यांचे, १६.३८ मीटर. फरक सहा सेंटिमीटरचा. ‘नशिबावर मात’ असे लिहिले की हे सहा सेंटिमीटर हरवतात. ते नोंदवले की पुढचे प्रश्न आपोआप येतात: सराव कुठे होतो, प्रशिक्षक कोण, मैदानापर्यंत पोहोचायची सोय काय. पहिल्या वाक्याला टाळ्या पुरतात, दुसऱ्याला उत्तर द्यावे लागते.

त्या सत्कारानंतर काही आठवड्यांनी मी त्या खेळाडूला फोन केला आणि मानपत्रात जे विचारायला हवे होते ते विचारले. प्रकार, वर्ग, कामगिरी, कुणाकडून हरला, का हरला. अपघाताविषयी तो कार्यक्रमात दोन मिनिटे बोलला होता. हरलेल्या अंतिम फेरीविषयी तो तासभर बोलत राहिला, मधेच चिडला, एकदा हसला, आणि शेवटी म्हणाला की पुढच्या मोसमात खुर्चीचा पट्टा बदलणार आहे.

मानपत्र मी पुन्हा लिहिले आहे. पहिल्याच ओळीत त्याची सर्वोत्तम कामगिरी आहे. ते वाचायला पुन्हा कार्यक्रम होईल तेव्हा होईल. त्याआधी त्या पायऱ्यांशेजारी उतार बांधून द्यावा, असा अर्ज सभागृहाच्या व्यवस्थापनाकडे दिला आहे.