तिसऱ्या भागात आलेला प्रश्न

सतीश राजवाडे यांचे ‘मुंबई-पुणे-मुंबई’चे तिन्ही भाग आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असतील. पहिल्यात (२०१०) ओळख, दुसऱ्यात (२०१५) लग्न आणि तिसऱ्यात (२०१८) बाळाची चाहूल. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी यांचा सहज वावर तिन्ही भागांत आहेच. पण मला तिसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. इथे ‘गोड बातमी’ कळल्यावर नायिका लाजत नाही, दोघंही चक्क गांगरतात. आपण आईबाप व्हायला तयार आहोत का, हे मोठ्याने विचारायला धैर्य लागतं.

माझी तक्रार वेगळी आहे. हा प्रश्न तिसऱ्या भागात का? लग्न करावं की नाही यावर अख्खा दुसरा भाग खर्च होतो, पण मुलाचा विषय खऱ्या अर्थाने निघतो तो मूल वाटेवर असताना! आमच्या आयटीच्या धंद्यात रिक्वायरमेंट्स ठरवण्याआधी गो-लाइव्हची तारीख दिली, तर क्लायंट दारात उभं करणार नाही.

दुसरं म्हणजे, चित्रपटातल्या जोडप्यामागे दोन्हीकडची मायेची माणसं उभी आहेत. इथे अमेरिकेत १९९३च्या कायद्याने मिळते ती बारा आठवड्यांची रजा, तीही बिनपगारी आणि सर्वांना लागू नाही. भारतात २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना सव्वीस आठवडे पगारी रजा आहे. आई मदतीला आली, तरी व्हिजिटर व्हिसावर साधारण सहा महिने. मग बाळाला कोण पाहणार, नोकरी कोणी थांबवायची, रात्री कोणी उठायचं?

र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. रवी जाधव यांच्या ‘बालक-पालक’ने (२०१३) वयात येणाऱ्या मुलांशी बोलायचं कसं, हा विषय घराघरांत आणला. म्हणजे शरीराबद्दल आपण बोलायला शिकलो. पण पंचविशीतल्या मुलामुलींशी आपण फक्त हॉल, केटरर आणि मुहूर्त बोलतो.

म्हणून सुचवतो, मंडळाने यंदा तिसरा भाग दाखवावा आणि लग्नाला उभ्या मुलामुलींना पुढच्या रांगेत बसवावं. नंतरची चर्चा त्यांनीच करावी. आपण काका-काकूंनी तेवढा वेळ चहाचं बघावं!