चाक फिरलं, पण वक्ररेषेचं काय?

कॉम्प्युटर आर्किटेक्चर शिकलेल्या बऱ्याच जणांना 'पुनर्जन्माचं चाक' माहीत असतं. टी. एच. मायर आणि आयव्हन सदरलँड यांचा डिस्प्ले प्रोसेसरवरचा १९६८ सालचा पेपर. डिस्प्लेला थोडं जास्त हार्डवेअर द्या, मग जंप द्या, मग सबरूटीन द्या. शेवटी तो स्वतःच कॉम्प्युटर होऊन बसतो, आणि त्याच्यासाठी पुन्हा वेगळा डिस्प्ले प्रोसेसर लागतो! पेपर आजही वाचावा असाच आहे, कारण लेखक स्वतःचीच फसगत प्रामाणिकपणे सांगतात.

माझी तक्रार आहे ती आपण तो कसा वापरतो याबद्दल. 'खास हार्डवेअर शेवटी वाया जातं' हे सांगायला याच पेपरचा दाखला दिला जातो. माझ्या प्रकरणाच्या पहिल्या खर्ड्यात मीही दिला होता, वक्ररेषा काढणाऱ्या हार्डवेअरबद्दल. पण तिथे तो लागूच होत नाही.

का ते बघा. त्या काळच्या व्हेक्टर डिस्प्लेवर चित्र टिकत नसे. फॉस्फरची चमक विझायच्या आत, सेकंदाला साधारण ३० वेळा, ते पुन्हा काढावं लागे. म्हणजे एका फेरीला ३३ मिलिसेकंद. समजा, एका छोट्या रेषेला ५० मायक्रोसेकंद लागतात. मग फेरीत सुमारे ६६० रेषा बसतील. वर्तुळ ३२ रेषांचं केलं, तर २० वर्तुळांतच खेळ खलास. पुढे चित्र लुकलुकणार. शिवाय प्रत्येक रेषा महागड्या कोअर मेमरीत ठेवायची. म्हणून अख्खा वक्र एका आज्ञेत काढणारं हार्डवेअर हवं होतं. १९६७ मध्ये वर्तुळ, लंबवर्तुळ असे शंकुच्छेद काढणाऱ्या जनरेटरवर पेपरही आला.

मायर-सदरलँड यांचं चाक आहे नियंत्रणाचं: आज्ञा कुठून घ्यायच्या, उडी कुठे मारायची. वक्र जनरेटर काही कॉम्प्युटर बनायला निघालेला नव्हता. तो गेला वेगळ्या कारणाने. मेमरी स्वस्त झाली, फ्रेमबफर आला; वक्र एकदा पिक्सेलमध्ये उतरवला की पुढे पडदा ताजा ठेवायला तो पुन्हा काढावा लागत नाही. प्रश्नच उरला नाही, म्हणून उत्तरही गेलं.

तेव्हा एखादं खास हार्डवेअर टिकेल का, असं कुणी विचारलं तर लगेच चाकाकडे बोट दाखवू नका. आधी विचारा: ते कुठली टंचाई भागवतंय, आणि ती टंचाई किती दिवस राहणार? माझ्या प्रकरणातलं ते एक वाक्य मी खोडलंय. आता त्या जागी अर्धं पान लिहायचंय.