‘कोर्ट’ : शाहिराचे गीत आणि न्यायालयाची भाषा

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) ह्या चित्रपटाकडे न्यायव्यवस्थेतील दिरंगाईचे चित्रण म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. ही दृष्टी अयथार्थ नव्हे. परंतु ती अपुरी आहे. एका गीताचे पुराव्यात रूपांतर होत असता कलेचे काय उरते, हा ह्या कृतीचा मूळ प्रश्न होय.

नारायण कांबळे हा वयोवृद्ध दलित लोकशाहीर. त्याचे गीत ऐकून वासुदेव पवार ह्या गटारसफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप त्याच्यावर ठेवण्यात येतो. शाहिरीत शब्द, ताल, प्रसंग आणि श्रोतृसमुदाय यांचे ऐक्य असते. न्यायालय त्यांतून केवळ शब्द वेचून घेते आणि उपरोधाला आज्ञार्थ समजते. उलटपक्षी, पवारची विधवा साक्ष देते ती अगदी निरलंकार भाषेत : गटारात खडा टाकावयाचा, झुरळ बाहेर आले, तर आत हवा आहे असे मानून उतरावयाचे. गीतातील आक्रोशाचे समर्थन ह्या एका तपशिलात सामावले आहे.

सरकारी वकील नूतन हिचे कुटुंब जे मराठी नाटक पाहावयास जाते, तो प्रसंग ह्या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे. परप्रांतीयांची हेटाळणी करणाऱ्या त्या नाटकाला प्रेक्षक मनमुराद हसतात. एकाच नगरात, एकाच भाषेत दोन रंगमंच उभे आहेत. एकावरील कलावंताला अटक होते, दुसऱ्याला टाळ्या मिळतात. सांस्कृतिक अस्मिता स्वभावतः सत्तेच्या विरोधी असते, हा भाबडा समज येथे निकालात निघतो. कोणत्या अस्मितेची सत्तेला भीती वाटते, हाच खरा प्रश्न ठरतो.

एक आक्षेप मात्र नोंदविणे अवश्य आहे. दोन्ही वकिलांच्या आणि न्यायाधीशाच्या खाजगी जीवनात चित्रपट दीर्घकाळ रमतो; शाहिराचे कौटुंबिक जीवन मात्र जवळजवळ अदृश्य राहते. भीमराव कर्डक यांच्या आंबेडकरी जलशापासून अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांच्या लाल बावटा कलापथकापर्यंत ज्या परंपरेचा तो वारस, तीही चौकटीबाहेरच आहे. व्यवस्था कलावंताला आरोपी म्हणूनच पाहते, हे दाखविण्यासाठी हे अंतर योजिले असावे, असा बचाव करता येईल. वीरा साथीदार यांचा अभिनय आणि संभाजी भगत यांची गीते ह्यांमुळे ती उणीव काही अंशी भरूनही निघते. कारण दोघांचाही चळवळीशी प्रत्यक्ष संबंध होता. तथापि ज्या प्रेक्षकाला ही परंपरा ठाऊक नाही, त्याच्या मनात कांबळे एक सोशिक बळी म्हणूनच राहण्याचा संभव आहे.

जामिनावर सुटताच कांबळे पुन्हा गातो आणि पुन्हा पकडला जातो. न्यायालय उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी बंद होते. खटला तसाच राहतो. निर्णयाचा हा अभाव कथानकाची त्रुटी नव्हे. कलावंतावर निकाल न देताही त्याचा आवाज वर्षानुवर्षे रोखून धरता येतो, हे त्यातून सिद्ध होते.